काका, जरा मिक्सर बघता का?

पत्र :

“मी ६३ वर्षांचा आहे. एसटीच्या वर्कशॉपमध्ये इलेक्ट्रिशियन होतो. निवृत्तीनंतर घरात बसवेना, म्हणून सोसायटीतल्या लोकांची लहानसहान दुरुस्ती फुकट करून द्यायला लागलो. इस्त्री, मिक्सर, टेबल फॅन, कुकरचं हँडल, जे येईल ते. सुरुवातीला फार बरं वाटलं. लिफ्टमध्ये मान वर न करणारी माणसं हाका मारू लागली. आता मात्र दुपारी अडीचलाही बेल वाजते. लोक वस्तू दारात ठेवून ऑफिसला जातात आणि संध्याकाळी ‘झालं का?’ म्हणून विचारतात. बायको म्हणते, हा हॉल आहे की भंगारचं दुकान? गेल्या महिन्यात एका बाईंच्या मिक्सरचा कपलर बदलून दिला. पंधरा दिवसांत मोटर जळली, तर त्यांनी ग्रुपवर लिहिलं, ‘काकांनी हात लावल्यापासूनच आवाज येत होता.’ कोपऱ्यावरच्या इलेक्ट्रिकवाल्याशी वीस वर्षांची ओळख, तोही आता बघून न बघितल्यासारखं करतो. सगळं बंद करू, की रीतसर पैसे घ्यायला लागू? आठवीतला एक मुलगा मात्र रोज येऊन शेजारी बसतो, पक्कड-टेस्टर हातात देतो. त्याचं काय करावं तेही कळत नाही.
– एक वाचक, चिंचवड”

उत्तर :

काका, नमस्कार.

बंद करू नका आणि पैसेही घेऊ नका. वस्तू ठेवून घेणं तेवढं आजपासून थांबवा. तुमच्या अख्ख्या सोसायटीत दुरुस्तीला नीट येणारा माणूस एकच, तो आठवीतला मुलगा. कारण तो बसतो. बाकी सगळे टाकून जातात. इथून पुढे नियम एकच ठेवा: वस्तू ज्याची, त्याने काम संपेपर्यंत शेजारी बसायचं. त्याला वेळ नसेल तर वस्तूलाही वेळ नाही.

हा काही माझ्या डोक्यातून निघालेला नियम नाही. मार्टिने पोस्टमा नावाच्या पत्रकार बाईंनी १८ ऑक्टोबर २००९ रोजी ॲमस्टरडॅममध्ये पहिला ‘रिपेअर कॅफे’ भरवला. घरातल्या मोडक्या वस्तू घेऊन या, कॉफी प्या, हौशी कारागिरांच्या शेजारी बसून दोघांनी मिळून ती वस्तू उघडा, अशी साधी कल्पना. आता जगभरात असे दोन हजारांहून जास्त कॅफे भरतात. बंगळुरूमध्ये अंतरा मुखर्जी आणि पूर्णा सरकार यांनी २०१५ मध्ये तो सुरू केला. बहुतेक ठिकाणी एक गोष्ट सारखी दिसते: तिथे काउंटर नसतो. वस्तू देऊन पावती घेऊन जायचं नाही, टेबलाच्या एकाच बाजूला दोन खुर्च्या.

तसं आपल्याला हे ॲमस्टरडॅमहून शिकायची गरज नव्हती. गावाकडे इर्जिक असायची. एखाद्याची नांगरट अडली की शेजारपाजारचे आपापले बैल घेऊन त्याच्या रानात उतरायचे आणि दिवसभरात काम उरकायचे. मजुरी कुणी घ्यायचं नाही. पण ज्याचं रान, तो ओट्यावर बसून ‘झालं का?’ विचारत नव्हता. तो पुढे राबायचा, त्याच्या घरात सगळ्यांचा स्वयंपाक व्हायचा, आणि दुसऱ्याची इर्जिक निघाली की तो बैल घेऊन हजर असायचा. तुमच्या इमारतीत बैल आले, नांगरट झाली, फक्त मालक ऑफिसला गेलाय.

आता लोक असे का वागतात ते. माणसं वाईट नसतात हो. फुकट घेणं फार अवघड असतं. ज्याला संकोच असतो तो एकदा येतो आणि मग जिन्यात तुम्हाला टाळतो, कारण तुमचं देणं त्याच्या डोक्यावर असतं. ज्याला संकोच नसतो तो दर आठवड्याला येतो आणि ते देणं डोक्यावरून उतरवायला मनातल्या मनात ठरवून टाकतो, ‘काकांना तरी काय काम असतं? त्यांचाही वेळ जातो.’ दोघांशीही नातं काही जुळत नाही. पण तोच माणूस शेजारी बसला, टॉर्च धरला, सुटे स्क्रू वाटीत गोळा केले, ‘अहो, ही वायर इथूनच काळी पडलीय’ असं स्वतः बोलला, की घरी जाताना उपकाराचं ओझं नसतं. इस्त्री आम्ही दुरुस्त केली, असं तो सांगतो. यातल्या ‘आम्ही’मध्ये तुम्ही असता.

आणखी एक बोलते, थोडं कडू आहे. आपल्याकडे हाताने काम करणाऱ्याला ऑर्डर सोडायची सवय फार जुनी आहे. तो कारागीर होता तेव्हाही, आणि आज तिसऱ्या मजल्यावरचा निवृत्त काका आहे तेव्हाही. हातात स्क्रू-ड्रायव्हर दिसला की समोरच्याचा आवाज आपोआप बदलतो. लॅपटॉपमधली अडचण सोडवून देणाऱ्या शेजाऱ्याला कुणी दुपारी अडीचला उठवत नाही. ही खोड भाषणं देऊन जात नाही. पण वीस मिनिटं मिक्सरच्या पोटात डोकं घालून बसलेला माणूस पुन्हा त्या आवाजात बोलत नाही, एवढं खरं.

तुमच्या मिक्सरच्या प्रकरणाकडेही याच बाजूने बघा. कपलर म्हणजे काय, हे तुम्हाला मी सांगायचं म्हणजे आगाऊपणाच, पण वाचकांसाठी सांगते. मिक्सरच्या भांड्याखाली आणि मोटरच्या डोक्यावर बसणारी ती रबर-प्लॅस्टिकची चकती. भांडं अडकलं तर मोटरवर ताण यायच्या आधी ती झिजावी किंवा तुटावी, असाच तिचा हिशेब असतो. म्हणजे कपलर तुटणं बहुधा निरोप असतो, की पात्याचा बुश (म्हणजे पात्याची दांडी ज्यात फिरते ती नळी) धरलाय, पातं हाताने मोकळं फिरत नाही, किंवा घट्ट वाटण एका दमात काढलं जातंय. बहुतेक मिक्सरच्या तळाच्या पट्टीवर छापलेलं असतं की पाच मिनिटं चालू, दोन मिनिटं बंद. ती पट्टी वाचायला मिक्सर उलटा करावा लागतो, तो कोण करतो? त्या बाई शेजारी बसल्या असत्या, तर तुम्ही पातं त्यांच्याच हाताने फिरवून दाखवलं असतं आणि ‘ताई, हे जड जातंय, आधी भांड्याचा बुश बदला, नाहीतर मोटर जाईल’ हे त्यांनी कानाने ऐकलं असतं. तुम्ही कदाचित तेव्हाही सांगितलं असेल. पण रिकाम्या दारात ठेवलेल्या पिशवीला सांगून उपयोग नसतो.

जाता जाता, ज्यांचा मिक्सर अचानक ढिम्म झालाय त्यांनी तळाचं छोटं लाल बटण आधी दाबून बघावं. ताण आला की ते ओव्हरलोडचं बटण बाहेर येतं आणि मिक्सर बंद पडतो. तेवढ्यासाठी काकांची झोपमोड नको.

त्या बाईंचं काय? ग्रुपवर उत्तर देऊ नका. तिथे तुम्ही कपलरचं शास्त्र मांडाल आणि खाली कुणीतरी दोन हात जोडलेले टाकेल, एवढंच. त्यांच्याकडे जा, जमल्यास काकूंना घेऊन. मिक्सर उघडून दोघींसमोर मोटरमधली जळकी वायंडिंग, म्हणजे तांब्याच्या तारेची गुंडाळी, दाखवा. नवी मोटर घालणं परवडतं की नवा मिक्सर, ते कोपऱ्यावरच्या दुकानात विचारायला सांगा. नुकसानभरपाई देऊ करू नका. तुम्ही चूक केली असं त्याने ठरून जातं, आणि पुढच्या वेळी कुठलाही शहाणा माणूस शेजाऱ्याच्या वस्तूला हात लावणार नाही.

आता कोपऱ्यावरचा इलेक्ट्रिकवाला. खरं सांगू? तुमच्या पत्रात मला सर्वांत जास्त त्याचं वाईट वाटलं. ॲमस्टरडॅमची गोष्ट इथे जशीच्या तशी लागू होत नाही ती याच कारणाने. तिकडे टोस्टर दुरुस्त करणारं दुकान शोधून सापडणं मुश्कील, म्हणून लोकांनी टेबल मांडलं. आपल्याकडे गल्लीत तो माणूस अजून आहे. तो इस्त्रीची कॉर्ड बदलून त्यावर घर चालवतो, आणि तुम्ही पेन्शनवर बसून तेच काम फुकट देताय. त्याने हसून नमस्कार करावा, ही अपेक्षा थोडी जास्तच आहे.

त्याच्याकडे जाऊन माफी वगैरे मागू नका, त्याला अवघड होईल. त्याला कामात घ्या. एक, सुटे भाग त्याच्याच दुकानातून येतील, ज्याची वस्तू त्याने जाऊन आणायचे, तुम्ही नाही. कपलर, कार्बन ब्रश, पंख्याचा अडीच मायक्रोफॅरडचा कपॅसिटर, इस्त्रीची कापडी वेष्टणाची कॉर्ड, यांचे पैसे दुकानदाराला. दोन, मोटर रिवाइंडिंग, घरातलं वायरिंग, गीझर, इन्व्हर्टर ही कामं आली की सरळ त्याच्याकडे धाडायची. तीन, तो ज्या कामाला ‘परवडत नाही, नवीन घ्या’ म्हणतो ती तुमच्याकडे पाठवेल: जुना रेडिओ, लहान मुलाचं चावीचं खेळणं, कुणाच्या आईच्या आठवणीचं भिंतीवरचं घड्याळ. तासभर डोकं घालायचं आणि पन्नास रुपये मिळायचे, असं काम दुकानाला नको असतं. तुमच्याकडे तास आहेत. एखाद्या रविवारी त्यालाच बोलवा, पण त्या दिवसाचे त्याला पैसे द्या. सोसायटीच्या फंडातून नाही जमलं तर येणाऱ्यांनी वर्गणी काढावी. निवृत्तांचा सेवाभाव कामकरी माणसाच्या रविवारावर चालू नये.

घराचं बघू. काकूंचं म्हणणं शंभर टक्के बरोबर आहे आणि याबाबतीत मी त्यांच्याच बाजूची. त्यांनी निवृत्त नवरा मागितला होता, वर्कशॉप नाही. हे काम घरातून बाहेर काढा. कमिटीला पत्र देऊन महिन्यातून दोन रविवार, सकाळी दहा ते एक, क्लब हाउस किंवा पार्किंगमधली कोपऱ्याची जागा मागा आणि परवानगी मिटिंगच्या इतिवृत्तात लिहून घ्या. कारण अध्यक्ष बदलले की तोंडी परवानग्या गायब होतात, हे कुठल्या सोसायटीवाल्याला सांगायला नको. एक ठरलेली जागा, एक ठरलेली वेळ. बाकीचे दिवस बेल वाजली तर दार काकूंना उघडू दे. त्या जे बोलतील ते तुम्ही कधीच बोलू शकणार नाही.

एकट्याने मात्र करू नका. कुठल्याही सोसायटीत चार हात सापडतात. ब्लाउजचा हुक, पँटची चेन, पिशवीचा फाटलेला बंद हे वीजकामाइतकंच येतं, त्यासाठी शिलाई मशीन असलेली एखादी ताई. छत्रीच्या काड्या जोडणारे कुणी आजोबा जून महिन्यात राजे होतील. सायकलची चेन बसवणारं कॉलेजचं पोरगं. आणि ज्याला काहीच येत नाही पण बोलायला आवडतं, त्याला वही द्या: नाव, फ्लॅट, वस्तू, तक्रार काय, शेवटी काय झालं. चहा ठेवाच. थांबण्याची जागा ऐसपैस असू दे, कारण खरं काम तिथे होतं. एकाच इमारतीत बारा वर्षं राहून न बोललेली ए विंग आणि सी विंग ही आपापला बंद पंखा मांडीवर घेऊन अर्धा तास शेजारी बसली, की पाण्याच्या टाकीपासून मुलीच्या लग्नापर्यंत सगळं निघतं. रांग लवकर संपवायची घाई करू नका. कुणी म्हणेल, टोकन देऊ या, ॲप करू या. नको म्हणा.

ऑस्ट्रेलियात ‘मेन्स शेड’ म्हणून प्रकार आहे. निवृत्त पुरुषांनी एकत्र जमून लाकूडकाम, दुरुस्ती करायची शेड. २००७ मध्ये त्यांची देशपातळीवरची संघटनाही झाली. त्यांचा अनुभव असा की पुरुष समोरासमोर बसून मनातलं बोलत नाहीत, खांद्याला खांदा लावून काही काम करताना बोलतात. तुमच्या इमारतीतही असे दोन-तीन जण असतील, संध्याकाळी कट्ट्यावर नुसते मोबाइल घेऊन बसणारे. त्यांना ‘मदत करा’ म्हणू नका, ‘हा स्क्रू जरा निघतोय का बघा’ म्हणा.

सुरक्षेबद्दल तुम्हाला काय सांगायचं, पण वर्कशॉपमध्ये शिस्त लावणारा फोरमन होता, इथे कुणी नाही, म्हणून आधीच लिहून ठेवा. दुरुस्त झालेली प्रत्येक वस्तू आधी सिरीज बोर्डावर (मध्ये बल्ब जोडलेला तपासणीचा बोर्ड), मगच थेट प्लगमध्ये. त्या प्लगवर ३० मिलिअँपिअरचं आरसीसीबी, म्हणजे करंट गळला की वीज तोडणारा स्विच, बसवून घ्या. बॉडीला करंट येत नाही ना, हे मालकाच्या देखत तपासायचं. मायक्रोवेव्ह घ्यायचा नाही, प्लग काढल्यावरही त्याच्या कपॅसिटरमध्ये दोन हजार व्होल्टच्या आसपास बसलेले असतात. फुगलेली मोबाइल बॅटरी, गॅसची शेगडी, रेग्युलेटर, गीझर यांनाही दारातूनच परत. छताचा पंखा खाली उतरवून आणला तर बघायचा, तुम्ही शिडीवर चढायचं नाही. आणि वहीत प्रत्येक नोंदीखाली सही: दुरुस्ती हौशी आहे, हमी नाही, जमली नाही तर तक्रार नाही. ही सही कायद्याच्या लढाईसाठी फारशी उपयोगी पडेल असं नाही, पण सही करताना माणूस दोन सेकंद विचार करतो, ते दोन सेकंद आपल्याला हवेत.

जी वस्तू उठतच नाही तिचं काय? ती मालकाने परत न्यायची, तुमच्या जागेत ठेवायची नाही. २०२३ च्या एप्रिलपासून ई-कचऱ्याचे नवे नियम लागू आहेत, नोंदणी असलेल्या रिसायकलरकडेच ती द्यावी. फक्त भंगारात जाण्याआधी तिचे स्क्रू, स्प्रिंगा, वायरचे तुकडे काढून घ्या. तुमच्यासारख्याला हे सांगावं लागत नाही, डबे आधीच भरलेले असतील, आणि काकू चिडल्या त्यातला अर्धा राग त्या डब्यांचा असणार.

लोक विचारतील की हल्लीच्या वस्तू उघडतच नाहीत, चिकटवलेल्या असतात, त्यांचं काय? बरोबर आहे त्यांचं. केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने २०२२ मध्ये दुरुस्तीच्या हक्कासाठी समिती नेमली, त्याच वर्षी २४ डिसेंबरला त्यासाठीचं पोर्टलही सुरू झालं. कुठली वस्तू उघडता आली नाही, कुठला भाग बाजारात मिळाला नाही, हेही वहीत लिहा. शंभर नोंदी झाल्या की त्या ग्राहक पंचायतीला द्यायला उपयोगी पडतील.

राहिला तो मुलगा. त्याला सोडू नका, पण आधी त्याच्या आईवडिलांना भेटा. आठवीतला मुलगा कुणाच्या घरी रोज जाऊन विजेच्या वस्तू उघडतो, हे त्यांना माहीत असलंच पाहिजे, आणि आता हे काम चार लोकांत होणार आहे हेही सांगा. प्लगमध्ये असलेल्या वस्तूला त्याने हात लावायचा नाही, हा नियम एकदा मोडला तर त्या दिवसापुरतं घरी. बाकी त्याला मल्टिमीटर द्या. कॉर्डची कंटिन्युटी बघणं (आतली तार कुठे तुटली नाही ना), फ्यूज ओळखणं, खोललेल्या क्रमाने स्क्रू मांडून ठेवणं, आणि सर्वांत आधी माणसाला विचारणं, ‘बंद पडायच्या आधी काय झालं होतं?’ हे विचारायला शिकला तर अर्धी दुरुस्ती शिकला. त्याच्या शाळेत अभ्यास कसा चाललाय याची चौकशी करू नका, ती करणारे घरी बरेच असतील.

पहिल्या रविवारी बहुधा तिघेच येतील. वस्तू दारात टाकून जाणारे चिडतील, ‘काकांना आता भाव आलाय’ असं म्हणतील. म्हणू दे. त्यातले निम्मे दिवाळीच्या तोंडावर बंद पडलेल्या लाइटच्या माळा घेऊन परत येतील, आणि माळेतला मेलेला बल्ब शोधायला दोन माणसं लागतातच.

ग्रुपवर टाकायला मजकूर हवा असेल तर हा घ्या:

“येत्या रविवारपासून, महिन्यातून दोनदा, सकाळी १० ते १, क्लब हाउसमध्ये दुरुस्तीचं टेबल. वस्तूसोबत स्वतः यावं आणि काम होईपर्यंत थांबावं. सुटे भाग आपले आपण आणावेत. चहा आहे. शिवणकाम, सायकल, छत्री येत असलेल्यांनी टेबलाच्या या बाजूला बसावं. घरी वस्तू स्वीकारल्या जाणार नाहीत.”

शेवटचं वाक्य काकूंकडून लिहून घेतलंत तर आणखी बरं. त्यांच्या शब्दांत ते जास्त स्पष्ट होईल.